मोएलांगीने मारलं ते वाघूळ

साफातुआ गावात वटवाघळं दोन जातींची, आणि त्यांतलं कोणतं कोणतं हे ओळखायला कुणाला कधी जवळ जावं लागलं नव्हतं. भर उन्हात डोंगराच्या धारेवर घारीसारखं एकटंच गिरक्या घेत असेल ते रानवाघूळ. दिवस मावळताना खाडीकाठच्या वडावरून थव्याने उठतात, भांडाभांडी करत येतात आणि नीरफणसांवर तुटून पडतात ती गाववाघळं. रानवाघळाला दाट रान लागतं, जुनी उंच झाडं लागतात, माणसाचा वारा नको असतो. गाववाघळांना माणसाच्या परसाशिवाय करमत नाही. कुठे दिसलं आणि केव्हा दिसलं एवढं सांगितलं, की जात कळली. तोंडं निरखून कोण बघत बसलंय?

पुढे शहरातले बंदुकवाले गावात येऊ लागले. रानवाघळं मारायची, बर्फात घालायची आणि परदेशी धाडायची, असा त्यांचा धंदा. धारेवरचं आभाळ रिकामं दिसायला लागलं तेव्हा मानकऱ्यांनी बैठक घेतली, पाळकांनी प्रार्थना केली आणि गावाने रानवाघळावर बंदी घातली. मारील त्याने गावाला डुकरं आणि अळकुड्या द्यायच्या, ते जमलं नाही तर गाव सोडायचं. गाववाघळांना मात्र कुणी वाली मिळाला नाही. ती नीरफणस खातात, त्यांची दया कुणाला येणार?

सगळं नीट चाललं होतं. मग तुफान आलं.

मोएलांगी या गावची सून. समुद्रापलीकडच्या उपोलू बेटावरून लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत आईने विणलेली मानाची चटई होती. रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं लावलेली. नवरा इओसेफो होड्या बांधायचा. त्याचं आणि तिचं बरं चाललं, पण मूलबाळ झालं नाही, आणि एका तापात तो गेला. रीतीप्रमाणे त्याला घरासमोरच पुरलं. मूल नसलेली विधवा दुखवटा संपला की माहेरी जाते, हीही रीतच. सगळे वाट बघत होते. पण दुखवटा संपला त्या दिवशी सासू म्हणाली, "फुटकं मडकं दे ते इकडे, आणि आधी पाणी भर." मोएलांगीने पाणी भरलं. दुसऱ्या दिवशीही भरलं. जा म्हणायचं कुणाच्या तोंडी आलं नाही, आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही. माहेरी आता होतं तरी कोण? आईवडील गेले, भाऊ परदेशी, घरात चुलतभावाचा संसार. ती राहिली ती राहिलीच. सकाळी उठून नवऱ्याच्या थडग्यावरची पानं झाडायची आणि मग चूल पेटवायची.

स्वभावाने ती मुळातच तळ्यात-मळ्यात. चर्चमध्ये गाताना उंच आवाजाच्या बायकांत बसायचं की खालच्या आवाजाच्या, हे तिचं इतक्या वर्षांत ठरलं नव्हतं. जिथे जागा मिळेल तिथला आवाज काढायची. कुणी दोन गोष्टींतलं एक निवड म्हटलं, की ती आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. श्रद्धा मात्र पक्की होती. देवाला फसवायचं नाही, एवढी एक गोष्ट तिला विचार न करता कळत होती.

तुफानाने नीरफणस मोडले, केळी भुईसपाट केल्या आणि खाडीकाठचा वड मुळासकट उपटला. खाऱ्या वाऱ्याने डोंगरावरचं हिरवं पान सगळं जळून गेलं. रान असं उघडं पडलं, की पाहवत नव्हतं. आणि वाघळांचा नुसता बाजार मांडला! गाववाघळं दिवसा भटकू लागली, कारण बसायला वड नव्हता. रानवाघळं खाली उतरली, कारण रानात फळ ना फूल. कुणी नारळाच्या झावळीला लटकलंय, कुणी शाळेच्या पत्र्याला. एक तर पाळकांच्या घंटेच्या दोरीला लटकलेलं सापडलं.

सासूबाई सिउला, वय बरंच, दात थोडे, जीभ शाबूत. तुफानानंतर तिने जेवणच टाकलं. सरकारी तांदूळ तोंडात फिरतो म्हणाली, डब्यातल्या माशाला पत्र्याचा वास येतो म्हणाली.

"आई, दोन घास तरी घ्या," मोएलांगी विनवायची.

"दोन घास घेऊन मी मरायचीच आहे, तर मग उपाशीच मरते. तेवढाच तांदूळ वाचेल."

"असं अभद्र बोलू नये."

"मग वाघूळ आण. नारळाच्या दुधातलं. ते खाऊन मेले तर मला चालेल."

शनिवारी दुपारी मोएलांगी स्वयंपाकाच्या झोपडीमागे लाकडं गोळा करत होती. मोडक्या नीरफणसाच्या बुंध्याला एक वाघूळ लटकलं होतं. तिच्या डोक्याइतक्या उंचीवर, पंख गुंडाळून, भिजलेलं. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही, देवाचं नाव घेतलं आणि फणस पाडायच्या काठीने एकच रट्टा हाणला.

वाघूळ शिजवायचं तर आधी जाळावर धरून केस जाळावे लागतात, आणि जळत्या केसांचा वास लपवता येत नाही. वारा गावाच्या दिशेने होता. तिसऱ्या घरातून हाक आली, "कुणाकडे मेजवानी गं?" मोएलांगीने तापल्या दगडांवर ते नारळाच्या दुधात शिजवलं. सिउलाने पंखांची हाडं चोखून चोखून पांढरी केली आणि तुफानानंतर पहिल्यांदा भरल्या पोटी निजली. मोएलांगीने स्वतः रस्सा तेवढा चाखला.

सोमवारी तिचा दीर पुलेता आला. इओसेफोचा धाकटा भाऊ, घराण्याचं मानकरीपण त्याच्याकडे. उंबऱ्यावर बसला, कमरेचं वस्त्र सारखं केलं आणि म्हणाला, "वहिनी, बैठकीत विचारणार आहेत. गाववाघूळ होतं म्हणून सांगा. झालं."

"होतं का पण?"

"मारलंत तुम्ही, आणि विचारताय मला?"

"भाऊजी, मी काठी बघत होते. वाघळाकडे कुठे बघितलं?"

पुलेताने कपाळाला हात लावला. "शिजवताना तरी?"

"शिजवताना सगळी सारखीच दिसतात."

"हे बघा, माझ्याकडे एक डुक्कर उरलंय आणि तेही लंगडं. दंड मला भरता येणार नाही. रानवाघूळ ठरलं तर तुम्हाला जावं लागेल. मी घराण्याचा मानकरी असलो तरी गावापुढे माझं काही चालायचं नाही. म्हणून म्हणतो, गाववाघूळ. तोंडात बसवून ठेवा, गाव-वाघूळ."

मोएलांगीने दिवसभर ते तोंडात बसवून पाहिलं, पण बसेना. एकदा वाटे, परसात मिळालं म्हणजे गावचंच. लगेच वाटे, भर दुपारी एकटं होतं म्हणजे रानातलंच. गाववाघळाची म्हणतात तशी मान पिवळी होती का? होती, असं वाटत होतं. पण ते आठवत होतं, की दीर म्हणाला म्हणून दिसायला लागलं होतं? घरासमोरच्या थडग्याकडे ती जाऊन बसली. इथून जायचं म्हटलं तर त्याला सोबत कशी नेणार? आणि खोटं बोलून राहायचं म्हटलं तर सकाळी त्याच्यावरची पानं कुठल्या हाताने झाडायची?

बैठक भरली. भिंती नसलेलं मोठं घर, प्रत्येक मानकरी आपापल्या खांबाला टेकून बसलेला. आधी प्रार्थना झाली, मग आवाचा, म्हणजे मुळं कुटून केलेल्या कडवट पेयाचा, पेला फिरला. मोएलांगी मागच्या बाजूला, खाली मान घालून बसली. गावाच्या वतीने बोलायचं काम फाउमाकडे होतं. हातात काठी, खांद्यावर माश्या वारायचा नारळाच्या काथ्याचा झुबका, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा.

"बाई, रंग कसा होता?"

"काळपट. भिजलेलं होतं."

"भिजलं की मीही काळा दिसतो. डोकं?"

"डोकं… असावं थोडं पांढुरकं."

"मग रानवाघूळ!" पलीकडच्या खांबाचा मानकरी म्हणाला. "रानवाघळाचं डोकं पांढुरकं असतं."

"म्हातारं झालं की कुणाचंही डोकं पांढरं होतं," दुसरा म्हणाला. "तुझं झालंय. तू काय रानातून आलास?"

सगळे हसले. फाउमाने काठी आपटली. "एकटं होतं?"

"एकटंच."

"आणि भर दुपारी. म्हणजे रानवाघूळ."

"अहो, तुफानानंतर सगळेच एकटे झालेत," पुलेता घाईने बोलला. "माझी एक कोंबडी उरली आहे. ती काय रानकोंबडी झाली?"

"जागा कुठली?"

"आमच्या परसातली," मोएलांगी म्हणाली.

"म्हणजे गाववाघूळ."

"परवा माझ्या परसात समुद्रातला मासा सापडला. तो काय परसातला मासा म्हणायचा?"

आता प्रत्येकालाच बोलायचं होतं. एक म्हणाला, रानवाघूळ पंख हळू हलवतं. त्याला विचारलं, मेलेलं कसं हलवेल? एक म्हणाला, गाववाघळाच्या पाठीवर पिवळी झूल असते. दुसरा म्हणाला, पाठीवर नाही, मानेवर, आणि ती गावच्याला नाही, रानातल्याला. ज्या वाघळावर बंदी घातली ते जमिनीवर समोर ठेवलं तर ओळखता येईल का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. पण ते सगळ्यांच्याच मनात येऊन गेलं असावं, कारण एकाएकी जो तो आपल्या खांबाला नीट टेकून बसला.

शेवटी फाउमा म्हणाला, "ज्याने खाल्लं त्याला विचारा."

सिउलाला दोघींनी धरून आणलं. म्हातारी खाली बसली, सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"आजी, चव कशी होती?"

"चांगली होती."

"तसं नव्हे. रानातल्या वाघळासारखी होती, की गावातल्या?"

सिउलाने ओठांवरून जीभ फिरवली. "मीठ कमी होतं," ती म्हणाली. "अजून एखादं आणलंत तर नक्की सांगेन."

बैठक हसून हसून लोळली, आणि निकाल उद्यावर गेला. उद्या बायबलवर हात ठेवून मोएलांगीने काय ते एक सांगायचं. हसणाऱ्यांत मोएलांगी नव्हती. बायबलवर हात ठेवून 'गाववाघूळ' म्हटलं तर खोटं ठरेल, आणि 'रानवाघूळ' म्हटलं तर तेही खोटंच ठरेल. 'मला माहीत नाही' एवढंच खरं होतं, पण ते कुणाला नको होतं.

आपल्या इथली एक जुनी रीत आहे. मोठा अपराध घडला की अपराधी घराण्याचा मानकरी सकाळी मानाची चटई डोक्यावरून पांघरतो आणि ज्याचा अपराध केला त्याच्या घरासमोर जमिनीवर बसतो. तोंड दिसत नाही, आपण होऊन काही बोलायचं नाही. समोरच्याने येऊन चटई उचलली की माफी झाली, मागचं सगळं धुऊन गेलं. नाही उचलली, तर मग देवच वाली. चटई उचलेपर्यंत खालच्याने उठायचं नसतं.

मोएलांगीने विचार केला तो असा. वाघूळ कुठलं ते मला ठाऊक नाही. पण गावाने देवासमोर शब्द दिला होता, आणि मी काठी उचलताना त्या शब्दाची आठवणसुद्धा ठेवली नाही. एवढं तर माझं चुकलं. चुकलं म्हणायला वाघळाची जात कशाला कळायला हवी? उजाडल्यावर तिने पेटीतून आईची चटई काढली, थडग्याला वळसा घालून निघाली आणि थोरले मानकरी ओलोमुआ यांच्या दारासमोर पांघरून बसली.

ऊन वर आलं तशी बातमी गावभर झाली. पुलेता धावत आला.

"वहिनी! काय केलंत हे!"

चटईखालून आवाज आला, "माफी मागतेय."

"अहो, कशाची? चटई पांघरली म्हणजे अपराध कबूल! आता ते रानवाघूळ झालं!"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलंत, चटईने म्हटलं! उठा आधी."

"आता कसं उठू? उचलेपर्यंत उठायचं नसतं ना, भाऊजी?"

पुलेता पेचात पडला. उठवावी तर ओलोमुआंचा अपमान. बसू द्यावी तर अपराध गळ्यात. वर आणखी एक, की विधवा बाईने एकटीने असं बसायची रीतच नाही. घराण्याचा मानकरी जिवंत असताना वहिनी चटईखाली आणि तो उभा, हे जग बघतंय. तो आजूबाजूला बघत राहिला. कुंपणाशी माणसं जमली होती. मग त्याने कमरेचं वस्त्र आवळलं, तिच्या शेजारी मांडी घातली आणि चटईचं एक टोक स्वतःच्या डोक्यावर ओढलं.

"भाऊजी, तुम्ही कशाला?"

"गप्प बसा. आता मीही रानवाघूळ मारलंय."

घरात ओलोमुआंची वेगळीच पंचाईत. फाउमा त्यांच्याजवळ बसून होता. "उचलली तर आपण मान्य केलं, की ते रानवाघूळ होतं," फाउमा म्हणाला. "मग दंड का घेतला नाही, म्हणून उद्या गाव विचारेल."

"आणि नाही उचलली तर?"

"तर आपण म्हणतोय, की अपराध इतका मोठा आहे की माफ होत नाही. आणि अपराध झाला की नाही तेच माहीत नाही."

ओलोमुआ डोकं खाजवत राहिले. "हे तुफानाने सगळं कालवून ठेवलंय," ते म्हणाले, तुफान समोर बसल्यासारखं.

तेवढ्यात सिउला काठी टेकत, थांबत थांबत रस्त्याने आली. बाहेरचा प्रकार बघितला आणि ओरडली, "खाल्लं मी, आणि चटईखाली हे दोघं? सरका!" चटईत तिसऱ्याला जागा नव्हती. ती समोर उन्हातच बसली, उघड्या डोक्याने, ओलोमुआंच्या दाराकडे तोंड करून.

मग मात्र आतून ओलोमुआंची थोरली बहीण एसेता बाहेर आली. आपल्याकडे भाऊ कितीही मोठा मानकरी झाला तरी बहिणीचा शब्द त्याच्या शब्दावर असतो. तिने उन्हातल्या म्हातारीकडे पाहिलं, चटईच्या टोकातून बाहेर आलेल्या पुलेताच्या घामेजल्या पायांकडे पाहिलं, आणि आत वळून म्हणाली, "ओलोमुआ, तुझं वाघूळ कुठलं ते ठरेपर्यंत ही म्हातारी मरेल. मग कुठल्या चटईखाली बसशील? उचल."

"पण काय म्हणून उचलू?"

"हातांनी उचल."

ओलोमुआ खाली उतरले. दोन्ही हातांनी त्यांनी चटई उचलली. मोएलांगीने डोळे मिचकावले. ऊन एकदम डोळ्यांवर आलं होतं. तिला पाणी दिलं, म्हातारीला सावलीत नेलं. फाउमाला आता बोलणं भाग होतं. काठी टेकून तो उभा राहिला, गावाची वंशावळ म्हटली, समुद्राला आणि डोंगराला नमस्कार केला, आणि मुद्द्याशी येऊन अडखळला.

"आज गावाने क्षमा केली आहे त्या… त्या वाघळाबद्दल," तो म्हणाला. "आणि इथून पुढे रान पुन्हा हिरवं होईपर्यंत आणि आम्हाला फरक कळेपर्यंत, वाघूळ म्हणजे वाघूळ. दोन्हींना हात लावायचा नाही."

"म्हणजे गाववाघूळसुद्धा नाही?" सिउलाने विचारलं.

"सुद्धा नाही, आजी."

"अरे देवा," म्हातारी म्हणाली. "माझ्या हयातीत तुम्हाला फरक कळतो कसला!"

चटई रीतीप्रमाणे ओलोमुआंच्या घरात राहिली. दंड नाही, आणि गाव सोडणंही नाही. पुलेता घरी जाताना वाटेत एकदाच बोलला. "वहिनी, पुढच्या वेळी भूक लागली तर आधी मला सांगा." आणि चार पावलांनी, "म्हणजे, तुम्ही आता इथेच आहात म्हणून म्हटलं." इतक्या वर्षांत तसं कुणी पहिल्यांदा म्हटलं होतं.  मोएलांगी म्हणाली, "बरं."

दिवस मावळायला शंख वाजला, गाव घराघरांतून प्रार्थनेला बसलं. मोएलांगीने डोळे मिटले, हात जोडले. "हे प्रभू," तिने सुरुवात केली, "माझ्या हातून झालेल्या…" आणि थांबली. रानवाघूळ मारल्याची क्षमा मागायची? पण ते होतं का? आणि नसेल, तर न केलेल्या अपराधाची माफी गावाकडून घेतली त्याचं काय? ते खोटं धरायचं, की नाही? की नुसते आभार मानायचे? पण कशाचे? दीर म्हणाला त्याचे? चटईचे? की त्या वाघळाचे?

"हे प्रभू," ती पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा थांबली.

सिउलाने थोडा वेळ वाट पाहिली. समोर तांदूळ होता, डब्यातला मासा होता, आणि तो निवत चालला होता.

"आमेन," म्हातारी मोठ्याने म्हणाली, आणि पहिला घास घेतला.